बाईसाहेब आणि दुसऱ्या घराण्यातली

मला आयुष्यात सगळ्यात वाईट फसवलं गेलं ते एका पालीवरून. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. आणि ही भिंतीवरची पाल नव्हे. लेपर्ड गेको म्हणतात तिला. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, भिंत चढता येत नाही, आणि झोपताना चक्क डोळे मिटते. आमची आई स्वयंपाकघरातल्या पालीमागे झाडू घेऊन धावणारी बाई, पण हिला बघून म्हणाली, मेलीला पापण्या आहेत गं. त्या दिवसापासून ती आमच्या अकोट्याच्या फ्लॅटमध्ये बाईसाहेब झाली.

हा नाद मला लावला माझ्या मामेभावाने. मोठा म्हणून मी त्याला दादाच म्हणते. नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात शिफ्ट करायची आणि छाणीच्या घरी येऊन मागच्या खोलीत काचेच्या पेट्यांपुढे बसायचं, एवढंच त्याचं जग. बाईसाहेब त्याच्याच घरच्या जोडीची लेक, माझ्या डोळ्यांदेखत अंड्यातून बाहेर आलेली. जातीने अल्बिनो. अल्बिनो म्हणजे पांढरी असं नाही. अंगात काळा रंग तयारच होत नाही, त्यामुळे काळ्याच्या जागी फिकट तपकिरी आणि बाकी अंग पिवळं-गुलाबी.

सुरुवातीला त्या लोकांची भाषा ऐकून माझं डोकं भणभणायचं. हेट काय, स्नो काय, सुपर स्नो काय. दादा म्हणाला, आधी आरशात स्वतःचे डोळे बघ. माझे डोळे घारे, आईबाबांचे दोघांचेही काळे. दादाने समजावलं की घारेपणाची एकेक चिठ्ठी दोघांच्याही अंगात होती, पण एकटीचं काही चालत नाही. तुला दोन्हीकडून मिळाली तेव्हा कुठे रंग दिसला. अशी एकच चिठ्ठी अंगात घेऊन फिरणारं जनावर म्हणजे हेट. दिसायला साधं, आत अल्बिनो. स्नोचं तसं नाही. तिथे एका चिठ्ठीनेही रंग उतरतो, आणि दोन मिळाल्या की सुपर स्नो, पांढरंशुभ्र अंग आणि काळेभोर डोळे.

खरी गंमत अल्बिनोंची. त्यांची घराणी तीन. आमच्या घरी स्थळ आलं की आधी गोत्र बघायची सवय, तेव्हा मी शहाणपणाने म्हटलं, मग नर दुसऱ्या घराण्यातला बघायचा ना? दादा हसून हसून बेजार. इथे उलटं असतं, आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "एका घरात मीठ संपलंय, दुसऱ्या घरात तेल. दोघांची सोयरीक झाली की स्वयंपाक होतो ने?" वेगळ्या घराण्यांतले दोन अल्बिनो एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि पिल्लं सगळी साधी, काळ्या पट्ट्यांची निघतात. दोघंही एकाच घराण्यातले असले तर सगळी अल्बिनोच. दादा एकच घराणं पाळायचा आणि दुसऱ्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही म्हणून मिरवायचा. हे सगळं मी त्याच्याकडून शिकले, आणि नीट शिकले.

मग ऑफिसने मला काही महिन्यांसाठी पुण्याला पाठवलं. त्यांना खाऊ घालायच्या जिवंत किड्यांच्या डब्याला आई हात लावणं शक्यच नव्हतं. म्हणून बाईसाहेब आणि दादाच्याच घराण्यातला माझा अल्बिनो नर, दोघांनाही छाणीला ठेवलं. दुसऱ्या कुणाकडे ठेवायचं माझ्या मनातही आलं नाही. परत आले तेव्हा दादा म्हणाला, बाईसाहेबांनी घाबरून शेपूट टाकली, आता नवी आलीय. नवी शेपूट कांद्यासारखी गोल येते, तशीच होती. लहानपणचे पट्टे मोडून ठिपके झाले होते, तेही वाढत्या वयात होतंच. नराला मी पुढच्या पायाच्या तुटक्या बोटावरून ओळखलं. त्याच दिवशी दादाच्या खोलीत सुपर स्नोची नवी जोडी दिसली. सुरतच्या मित्राने दिली म्हणाला, आणि मी तोंडभर कौतुक केलं. काय ती माझी अक्कल!

पुढे मी दादाला सारखे बाईसाहेबांचे फोटो पाठवायचे आणि त्याचं लगेच उत्तर यायचं, मस्त वाढतेय, तुझा हात लागलाय ने. जोडी लावते म्हटलं की मात्र म्हणायचा, एवढ्यात नको. मला वाटायचं, काळजी करतोय बिचारा. हिवाळा सरला तशी मी लावलीच. दोन अंडी आली. ओलसर भुशात, उबेला ठेवून जिवापाड जपली. फुटली तेव्हा दोन्ही पिल्लं काळ्या पट्ट्यांची. आईला फार गोड वाटली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आता हसा.

दादाला फोन केला तर उत्तर तयारच. माझ्याकडे असताना एखादा साधा नर तिच्या पेटीत शिरला असेल, मादी नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते, पुढच्या मोसमात बघ, सगळी अल्बिनो निघतील. माद्या बीज साठवतात हे खरंच आहे. खऱ्यात गुंडाळून दिलेलं खोटं कोण उलगडून बघतो? मी पुढच्या मोसमापर्यंत थांबले. त्या मोसमातही जेवढी अंडी फुटली तेवढी काळे पट्टेच घेऊन आली. नर दादाच्या घराण्यातला. बाईसाहेबही त्याच घराण्यातली, माझ्यासमोर जन्मलेली. मग माझ्या घरात पेटीत बसली होती ती कोण?

रविवारी तिला डब्यात घालून छाणीला गेले. वहिनीने चहा ठेवला. मी डबा दादासमोर ठेवला.

"दादा, ही माझी नाही."

तो डब्याकडे बघत राहिला, माझ्याकडे बघेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरतच्या माणसाला दादाच्या घराण्यातली मादी हवी होती आणि दादाला ती सुपर स्नोची जोडी. स्वतःच्या माद्या द्यायचं जिवावर आलं, म्हणून माझी दिली. मला कळू नये म्हणून त्याच माणसाकडून दुसऱ्या घराण्यातली ही मागून घेतली. हिची शेपूट आधीच गेलेली होती, म्हणून तर हीच निवडली. तू कधी जोडी लावशील असं वाटलंच नव्हतं गं, म्हणाला. कुंपणाने शेत खायचं आणि वर म्हणायचं, तू कुठे काही पेरणार होतीस? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तरी मी म्हटलं, झालं ते झालं, मला माझी परत आणून दे. वहिनी उठून आत गेली तेव्हाच मी समजले. सुरतेला पहिल्याच वर्षी अंडं अडकून ती गेली होती, आणि दादाला तेव्हाच कळवलं होतं. म्हणजे मी फोटो पाठवत होते तेव्हा ती मातीत होती, आणि हा मला मस्त वाढतेय म्हणून लिहीत होता. त्याच्या हातून ती मेली असती आणि तसं त्याने सांगितलं असतं, तर मी त्याच्याच गळ्यात पडून रडले असते. या माणसाने मला तेवढंही करू दिलं नाही.

मला रडू आवरेना. दादाने पाठीवर हात ठेवला.

"रडू नको ने. यंदाच्या पिल्लांतली एक देतो तुला. अगदी तशीच."

"तशीच एक दिलीस की मला," मी म्हटलं. डबा उचलला, कारण आत बसलेलीचा काही दोष नव्हता, आणि चहा न घेता निघाले.