मी दत्ताराम झालो ती सकाळ

हसणार नसाल तरच सांगतो हं! एके सकाळी मी स्वतःलाच हरवून बसलो होतो. अगदी नावासकट!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोलादपूर सोडून मी बिरवाडीत खोली घेतली होती आणि एका केमिकल कंपनीत टेंपररी होतो. त्या दिवशी साहेब पर्मनंटची ऑर्डर देणार होते. अंगाला केमिकलची खाज, म्हणून भल्या सकाळी जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला गेलो. सोबत काय? तर कादंबरी! एक गुप्तहेर आणि त्याच्या मागे लागलेलं भूत. ते भूत आधी त्याच्या वस्तू पळवतं, मग अंग झिजवतं, मग चेहरा नेतं आणि शेवटी नाव. शेवटची वीस पानं राहिली होती. पुस्तक पँटच्या खिशात कोंबलं, कपडे खुंटीला टांगले आणि पाण्यात उतरलो.

धुकं काय, वाफ काय! चष्मा पांढराफटक. कुंडात आणखी कोणीतरी होतं. दिसत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता, जड, संथ, अगदी माझ्या कानाशी. मी हाक मारली. उत्तर नाही. खुंटीवरचा कंपनीचा निळा ड्रेस चाचपून चढवला आणि तिथून जो सुटलो!

रस्त्यावर येऊन खिसा चाचपला. कादंबरी गायब! पँट कमरेवरून घसरायला लागली. कालपर्यंत बरोबर बसत होती हो! म्हणजे अंग झिजलं? टपरीवरच्या आरशात पाहिलं, तर चेहराच नाही. किटलीची वाफ आरशावर धरते, हे तेव्हा कोणाला सुचतंय? खिशातला गेटपास काढला. फोटो ओल लागून पुसलेला. नाव, दत्ताराम शिंदे.

संपलं! नावही गेलं.

कंपनीच्या गेटवर वॉचमनने पास पाहिला, माझ्याकडे पाहिलंच नाही.

"जा रे दत्ताराम."

"मामा, मी दत्ताराम हाय?"

"मंग मी हाय काय? चल, वाट सोड!"

आता सांगा, आणखी काय पुरावा हवा?

ऑफिसात साहेबांनी पुकारलं, "सुरेश कदम!" मी गप्प. पुन्हा पुकारलं. मी गप्प. बिचाऱ्या सुरेशच्या आठवणीने माझे डोळे भरून आले. चांगला पोरगा होता हो!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात एक धिप्पाड माणूस. खाली ओला पंचा, वर माझा शर्ट, एकही बटण न लागलेला, हातात माझी कादंबरी!

"ह्योच तो! साहेब, माझी पँट घालून आलाय! मला याची गुडघ्यावर चढत नाय. सवपासनं पंच्यावर आलो मी!"

"मग कुंडात हाक मारली तेव्हा बोलला का नाहीस?" मी ओरडलो.

"डोळा लागला व्हता रे!"

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "कदम, ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही, त्याच्या हाती व्हॉल्व्ह कसा देऊ?" झालं! आणखी सहा महिने टेंपररी.

दत्ताराम दुसऱ्या प्लँटवरचा निघाला. पँटचं भाडं म्हणून कादंबरी त्यानेच ठेवून घेतली आणि वाचूनही काढली. त्या गुप्तहेराचं शेवटी झालं काय, म्हणून मी आजही त्याला विचारतो.

तो म्हणतो, "सांगतो ना. आधी तुझं नाव काय, ते सांग!"