एक मीटर कमी

टेप सर कुणाचंही ऐकून घ्यायचे, पण खरं मानायचे ते मोजल्यावरच. मुख्याध्यापक पाहुण्यांना "आमचं मैदान दोन एकरांचं" असं सांगू लागले, की मागून आवाज यायचा, "पावणेदोन." विश्रांतवाडीच्या आमच्या सरकारी शाळेत ते खेळ शिकवायचे. खरं नाव फक्त हजेरीपटात. हातात कायम मोजायची टेप, म्हणून टेप सर.

ती टेप कापडी होती, वीस मीटरची, चामड्याच्या गोल डबीतली. शाळा नवी असताना स्काउटच्या शेकोटीत तिचा पहिला मीटर जळाला. सरांनी नवी मागितली. कार्यालयाने कळवलं, जुनी निकामी झाल्याचं लिहून द्या. सर म्हणाले, "निकामी कुठे झालीय? एक मीटर कमी आहे, एवढंच." खोटं लिहून द्यायला ते तयार होईनात, त्यामुळे निवृत्तीपर्यंत नवी टेप काही आली नाही. मग एकच्या खुणेपासून मोजायचं, आणि वीस दिसले की ते एकोणीस समजून वर एक मीटर मिळवायचा. मैदानावर फक्की मारणाऱ्या प्रत्येकाला सर दटावायचे, "एक मिळवलास का?"

हे वाक्य पुढे त्यांच्या तोंडातच बसलं. कुणी म्हणालं, "सर, पाचच मिनिटं उशीर झाला," की लगेच, "एक मिळवलास का?" डब्यात दोनच पोळ्या दिसल्या तरी तोच प्रश्न, आणि वर स्वतःच्या डब्यातली एक पोळी.

शाळेचा इतिहास असा कुणी लिहिलेला नाही. जो काही आहे तो मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या लाकडी फळ्यावर. पत्र्याच्या दोन शेडमध्ये शाळा भरायची तेव्हापासूनचे धावण्याचे, उड्यांचे, गोळाफेकीचे सगळे विक्रम सरांनी तिथे पांढऱ्या ऑइलपेंटने स्वतः लिहिले होते. मोडलेला विक्रम ते पुसत नसत. त्याच्याखाली नवी ओळ लिहीत. "पुसलं तर तो पळालाच नाही असं होईल," म्हणायचे.

दहावीत मी क्रीडाप्रमुख होते. आमच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांना नेमकं निवडणुकीच्या कामाला बोलावलं. जाताना टेप माझ्या हातात देऊन म्हणाले, "कांबळे, शंभर मीटर तू आख." मी आखलं. पाच वेळा टेप टाकली आणि पाचही वेळा एक मिळवायचा विसरले. दुसऱ्या दिवशी त्याच आखणीवर मुलींच्या शंभर मीटरचा विक्रम मीच मोडला, तोही सहा दशांश सेकंदांनी. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. सरांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं, आणि मी दिवसातून चार वेळा पाणी प्यायच्या निमित्ताने त्या फळ्यासमोरून जाऊ लागले.

चार दिवसांनी सर मला मैदानावर घेऊन गेले. "सहा दशांश फार होतात गं," एवढंच म्हणाले आणि मोजू लागले. पंच्याण्णव मीटर भरले.

"एक मिळवला नाहीस?"

मी टेप गुंडाळू लागले.

"परत पळतेस?"

मी नाही म्हणाले. शंभर मीटर पळून कमी पडले असते तर? ती भीती होती, आज कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या नावापुढे कंसात '९५ मी.' आलं होतं. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ : 'मोजणीत चूक : क्रीडाशिक्षक'. मी रडत सरांकडे गेले. "सर, त्यापेक्षा माझं नावच पुसा."

"का? पळालीस ना? जेवढं पळालीस तेवढं लिहिलंय."

खालच्या ओळीबद्दल मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आखणी कुणी केली होती ते आता कुणी विचारणार नव्हतं.

वर्गातल्या मुली मला पंच्याण्णव म्हणू लागल्या. पण सरांच्या वाट्याला जे आलं त्यापुढे ते काहीच नव्हतं. दुसऱ्या शाळांचे शिक्षक भेटले की विचारायचे, "काय हो सर, तुमच्याकडे मीटर किती सेंटिमीटरचा असतो?" शाळाशाळांच्या स्पर्धांचं मैदान दर वर्षी सर आखायचे. त्या वर्षी ते काम दुसऱ्याला गेलं आणि पुन्हा त्यांच्याकडे आलं नाही. स्पर्धेच्या दिवशी सर पायरीवर बसून दुसऱ्याने मारलेली फक्की बघत होते. मी शेजारीच बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं माझ्याने झालं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आता मी हिंजवडीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून द्यायची नोकरी करते. गेल्या वर्षी सर वाघोलीला मुलाकडे राहतात असं कळलं, तेव्हा सुट्टी टाकून गेले. सर खूप वाळले होते, पण आवाज तोच. मी बसल्या बसल्या म्हटलं, "सर, ती चूक माझी होती. मी शाळेत जाऊन सांगणार आहे."

"माझीच होती. पहिला मीटर नसलेली टेप पोरीच्या हातात देऊन निघून कोण गेलं?"

"पण आखणी मी केली होती, सर."

सरांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "हां, ते मात्र खरं." आणि बशी पुढे सरकवली. "दोनच बिस्किटं घेतलीस? एक मिळव."

दोन महिन्यांनी सर गेले.

त्यानंतर शाळेतून मुख्याध्यापिकांचा फोन आला. "फळा नव्याने रंगवतोय. तुमच्या नावापुढचा तो कंस काढून टाकू ना? बरं दिसत नाही." मी येते म्हटलं आणि गेले. पेंटर शिडीवर उभा होता. सरांचं अक्षर पिवळं पडलं होतं, पण वाचता येत होतं.

"मॅडम, ही बारीक ओळ पण पुसू का?"

"काही पुसू नका. खाली एक ओळ मिळवा. 'आखणी : कु. कांबळे, क्रीडाप्रमुख.' आणि जरा मोठी काढा."

मधली सुट्टी झाली होती. मुली फळ्याभोवती जमल्या, ओली ओळ मोठ्याने वाचू लागल्या. "ही कांबळे कोण?" त्यांनी पेंटरला विचारलं.

"मी," मी म्हटलं, आणि शेकोटीपासून सगळं सांगितलं.