बांधलेलं बटण

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या ज्या प्रेसवर माझ्या हाताखालच्या दत्ताचं बोट गेलं, तिचं एक बटण मी बांधलं होतं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणजे हात आत राहत नाही, अशी ती सोय. मालाची घाई होती आणि मी सुपरवायझर. एका बटणावर रबराची पट्टी आवळली, म्हणजे ते दाबलेलंच राहील आणि एका हातानं काम भराभर उरकेल. चौकशीत मात्र "त्यानंच बांधलं असेल" म्हणालो. दत्ताची नोकरी गेली, माझी राहिली.

हे मी पहिल्यांदा बोललो ते विदूजवळ. शाळेपासूनचा मित्र; तळेगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला, मशीनच्या आवाजात "गेले" एवढंच ऐकू आलं... तेवढं पुरे होतं.

विदूचं रक्त वाजवीपेक्षा जास्त तयार व्हायचं. आजार कळल्यावर मी घाबरून भेटायला गेलो, तर हा गॅलरीत थर्माकोलच्या तुकड्यात दोन वाकवलेल्या तारा खोचत बसलेला. "ये राव, हे माझं दुखणं बघ." थर्माकोल म्हणजे पेशीचं आवरण; तारांची वरची टोकं बाहेर, खालची आत. हा सायटोकाइनचा, म्हणजे पेशीला निरोप आणणाऱ्या रेणूचा, रिसेप्टर. "बाहेरून निरोपाचा रेणू येतो, दोघींना धरतो, तशा त्या नेमक्या जुळतात. पण रिसेप्टरला स्वतःचं इंजिन नसतं. आतल्या शेपटांना जॅक नावाची प्रथिनं चिकटलेली असतात. ती एकमेकांना चेतवतात आणि शेपटांवर फॉस्फेटच्या खुणा करतात. त्या खुणांवर स्टॅट नावाची प्रथिनं येऊन बसतात, स्वतःही खूण घेतात, जोडीनं केंद्रकात जातात आणि जनुकांना सांगतात, रक्तपेशी बनवा."

"म्हणजे दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस," मी म्हणालो.

"शाब्बास! माझ्या जॅकचा ब्रेक गेलाय. बाहेरून निरोप नसला तरी आत कारखाना चालूच. कुणीतरी बटण बांधून ठेवलंय बघ."

तो हसला. मला हसता येईना. तिथेच सगळं सांगून टाकलं. विदूनं हातातली तार खाली ठेवली.

"मला सांगून काय उपयोग? माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. ज्याचं गेलं त्याच्याकडे जा."

"जाईन."

गेलो नाही. नोकरीची भीती होती. पुढे प्रत्येक भेटीत विदू पंजा पसरून दाखवायचा, मी मान खाली घालायचो, मग तो चहा मागवायचा. त्यानं मला तोडलं नाही आणि सोडलंही नाही. एवढं कोण करतं कुणासाठी? पिंपरीच्या हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा त्याच्यात बोलायचं त्राण नव्हतं. तरी सुई टोचलेला हात त्यानं उचललाच...

तो थर्माकोल वहिनींनी मला दिला. "तुम्हालाच द्यायचा म्हणाले होते." मागच्या रविवारी तो घेऊन पिंपरी कॅम्पात गेलो. दत्ता तिथे किल्ल्या बनवतो. "साहेब? बसा की!" म्हणत त्यानं चार बोटांच्या हातानं स्टूल पुढे सारलं. मी थर्माकोल काउंटरवर ठेवला.

"ह्ये काय आणलं?"

"माझ्या मित्राचं आहे. त्यानंच पाठवलंय मला." पुढचं उभ्यानंच म्हणालो. "दत्ता, ते बटण मी बांधलं होतं. खोटंही मीच बोललो. उद्या कंपनीत तसं लिहून देतोय. मला माफ कर."