जुन्नर, घोडेगाव, पाच गिअर आणि मागे बसलेला नवरा

आमच्या घरात पेट्रोल तुपासारखं वापरतात. म्हणजे पोळीला नुसता वास लागला की पुरे. त्यामुळे नवऱ्याने, संजयने, मला बाईक शिकवली ती एकाच मंत्रावर: "लवकर टॉप टाक. टॉपला ॲव्हरेज मिळतं." गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत पाचवा गिअर पडलाच पाहिजे. नाही पडला तर मागून सुस्कारा.

तो मागे का बसतो, तर त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी बाईक चालवायला साफ मनाई केलीय. मागे बसायला परवानगी आहे, हे माझं नशीब. साहेबांनी लगेच गाडी विकायला काढली. दीडशे सीसीची, काळी, लग्नापासून पोटच्या पोरासारखी जपलेली. रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येणार, असं त्याने जेवताना सांगितलं आणि माझं डोकंच सणकलं.

"मी चालवते की!"

"तू? मंडईपर्यंत."

झालं. म्हटलं, शनिवारी निघू. जुन्नरला मुक्काम, रविवारी घोडेगाव, डिंभे धरण करून परत. वाटेत एका जरी चढावर तुला उतरून चालावं लागलं, तर खुशाल विक. नाही लागलं तर गाडी घरात राहणार आणि मी चालवणार. तो लगेच कबूल झाला. आपणच जिंकणार याची त्याला खात्री होती, मेल्याला.

फेब्रुवारीची थंडी होती. हातमोजे न घालता निघू नका, बोटं क्लचवर गोठतात. पहाटे निघालो तरी चाकणच्या कोंडीने गाठलंच. तिथे मी मंत्राप्रमाणे चौथ्या-पाचव्यात रखडत होते आणि गाडी गचके देत होती. मिक्सरमध्ये सुकं खोबरं जास्त भरलं की तो जसा रडतो, अगदी तसा आवाज. मिक्सर रडला की मी खोबरं काढते, त्याला आणखी रेटत नाही. मग इथे का रेटतेय? मी सरळ दुसरा टाकला. गचके बंद.

"पेट्रोल पितेय ती," मागून आवाज आला.

"पिऊ दे. तू चहा पितोस ना?"

मंचरला चहा आणि वडापावसाठी थांबलो. टपरीवरचे एक आजोबा आम्हाला उतरताना बघत होते. वैनी फुडं अन् भाऊ मागं, हे त्यांना फार आवडलं असावं.

"भाऊ," त्यांनी संजयला विचारलं, "मागं बसायचं लायसन हाय ना तुमच्याकडं?"

अख्खी टपरी हसली. संजय वडापावमध्ये तोंड खुपसून बसला. मी आजोबांच्या चहाचे पैसे देऊन टाकले.

मंचरच्या पुढे रस्ता मोकळा आहे आणि इथे पाचव्या गिअरचं खरं रूप कळतं. पन्नास-पंचावन्नला गाडी अशी गुणगुणत चालते की हँडल नुसतं धरून बसावं. चाळिशीच्या खाली आलात की चौथा, तिशीच्या खाली तिसरा. गाड्यागाड्यांत थोडा फरक असेल, पण कान उघडे ठेवलेत तर आकडे लागत नाहीत. इतक्यात अवसरीच्या कॉलेजची दोन पोरं बाजूने गेली आणि ओरडली, "काकू, उडवा की!" काकू? मी चिडून पाचव्यातच मूठ पिळली. गाडी ढिम्म. पुढे उसाचा ट्रॅक्टर, समोरून टेम्पो. अंगाला घामच फुटला. मुकाट मागे राहिले, टेम्पो जाऊ दिला, चौथा टाकला आणि मग पिळली, तर ट्रॅक्टर केव्हाच मागे पडला. ओव्हरटेक करायच्या आधी एक गिअर उतरवायचा, नंतर नव्हे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवणारा ॲव्हरेज मोजत होता.

वारूळवाडीजवळ बागेतली द्राक्षं घेतली, नारायणगावात मासवडी आणि बाजरीची भाकरी. दोघं पोट फुटेस्तोवर जेवलो आणि पाचशेतले पैसे परत आले. रस्सा झणझणीत असतो, ताक आधीच मागवून ठेवा.

जुन्नरला संजयचे जुने सहकारी शकीलभाई आहेत. आता बाजारपेठेत त्यांचं मसाल्याचं दुकान आहे. लॉजवर राहू म्हटलं तर ते रागावलेच. "पावणं लॉजवर? मग आमी काय मेलो व्हतो का?" शिवनेरी खालूनच पाहिला, गुडघ्याला पायऱ्या मना. रात्री बिर्याणी खाताना संजयने पैजेची गोष्ट काढली. शकीलभाई म्हणाले, "वैनी, गिरवलीचा घाट हाय उद्या. सांभाळून जावा. आन अंधार पडायच्या आत उसाच्या पट्ट्यातनं बाहेर निघा. बिबट्याला गिअर नसत्यात." मी हसले, पण झोप काही धड लागली नाही. घाटाचं मला खरंच भ्या वाटत होतं.

सकाळी द्राक्षांची पिशवी संजयच्या मांडीवर आणि आम्ही घोडेगावच्या रस्त्याला. चढ सुरू झाला तशी तिसऱ्यात गाडी कुंथायला लागली. खोबरं जास्त झालं, म्हणत मी दुसरा टाकला. छान चाललो होतो. आणि ऐन वळणावर पुढचा भाजीचा पिकअप जागच्या जागी थांबला.

मलाही थांबावं लागलं. उभा चढ, मागे अडीच मण नवरा. गाडी मागे सरकते की काय असं वाटलं आणि तेवढ्यात कानाशी अत्यंत गोड आवाज आला, "उतरू का गं?"

"पाय वर घे!" मी अशी ओरडले की पिकअपवाल्याने आरशात पाहिलं.

पिकअप हलला. मागचा ब्रेक पायाने दाबून ठेवला, पहिला गिअर, मूठ थोडी पिळली, क्लच हळूहळू सोडला. गाडी थबकली, थरथरली. मग ब्रेक सोडला आणि ती चालायला लागली. अगं बाई! मी मोठ्याने "गेली, गेली!" म्हणाले. संजय मांडीवरची द्राक्षांची पिशवी सावरत बसला.

उतार लागल्यावर मात्र त्याला कंठ फुटला. "आता न्यूट्रल कर आणि इंजिन बंद. फुकटात उतरू." हे आमच्या घराण्याचं कुलदैवत. मी तिसऱ्यातच ठेवली. पुढच्या वळणावर मेंढरांचा कळप रस्ताभर पसरलेला होता. मूठ सोडल्याबरोबर इंजिननेच गाडी धरली, ब्रेकला नुसतं बोट लावावं लागलं. संजयचा माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला आणि बराच वेळ तसाच राहिला. न्यूट्रलचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

डिंभ्याचं पाणी बघून, घोडेगावात भेळ खाऊन, मंचरवरून हायवेला लागलो. पाचवा, पंचावन्न, गुणगुण. मागून सूचना नाही, सुस्कारा नाही. मला वाटलं रुसला. मग त्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्‌कन आपटलं. परत टक्. चक्क झोपला होता!

गाडी बाजूला घेऊन मी त्याला गदागदा हलवलं. "पडला असतास म्हणजे? काही अक्कल?"

"डोळा लागला गं," तो ओशाळून म्हणाला. "ऑपरेशनपासून रात्रीची झोपच नाही. इथे कशी लागली कळलं नाही."

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, पण मला एकदम भरून आलं. चहा पाजला, तोंड धुवायला लावलं आणि घरापर्यंत त्याला गाणी म्हणायला लावली. फार बेसूर गातो.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईक आलं. पैज मी जिंकले होते, पण संजयने त्याला नको म्हणून कळवलंच नव्हतं. "आलाय तर बघू दे," म्हणत किल्ली त्याच्या हातात दिली. माणूस सभ्य होता. गल्लीत चक्कर मारायला निघाला आणि आम्ही दोघं गॅलरीत उभे राहिलो. दहा पावलांवर त्याने तिसरा टाकला, कोपऱ्यापर्यंत चौथा. गाडी रडायला लागली.

"अहो, दुसरा टाका!" मी ओरडले.

पण माझ्या आधी संजय ओरडला होता.

माणूस परत आला, म्हणाला, "गाडी गचके देते हो, पण भाव कमी केलात तर घेतो." संजयने त्याच्या हातातून किल्ली घेतली, त्याला चहा विचारला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"गाडी नाही देणार," तो म्हणाला. "मला हिच्यावर झोप लागते."