सात नंबरचा कूलर

किन्हीराजात येऊन कोणी नुसतं गोविंदाचं घर विचारलं तर भागत नाही, कारण गावात गोविंदा तीन आहेत. कूलरवाला म्हटलं की मात्र समोरचा माणूस हातातलं काम टाकून दारापर्यंत सोडायला येतो. बावीस उन्हाळे झाले, हा माणूस लग्नाच्या मांडवात भाड्याने कूलर लावतो आहे. पहिला कूलर त्याने घरातल्या धान्याच्या लोखंडी कोठीचे पत्रे कापून केला, आणि कोठी गव्हाने भरलेली असताना कापली हे बापाला नंतर कळलं. तो कूलर सुरू झाला की हळूहळू पुढे चालायला लागायचा. त्याला मांडवाच्या खांबाला दोरीने बांधून ठेवावं लागे. आता गोविंदाकडे छातीएवढे उंच सात कूलर आहेत, चाकांवर उभे, अंगावर नंबर रंगवलेले.

कूलर लावणं म्हणजे नुसता वारा सोडणं असं ज्याला वाटतं, त्याने आमच्याकडचं मे महिन्यातलं लग्न पाहिलेलं नाही. कूलरचं तोंड ही मानाची जागा. तिथे व्याही बसणार, जावई बसणार, मामे बसणार, आणि तेही ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे. एका लग्नात तान्हं मूल रडत होतं म्हणून गोविंदाने कूलर वीतभर फिरवला. वीतभरच. तेवढ्यावरून नवरदेवाच्या आत्याचे यजमान उठले, भर उन्हात उभ्या असलेल्या बंद जीपमध्ये जाऊन बसले आणि तीन तास खाली उतरले नाहीत. नवरीच्या बापाने त्यांच्यापुढे टोपी काढली तेव्हा कुठे अक्षता पडल्या. गोविंदा त्या दिवशी एक गोष्ट शिकला: माणूस उन्हाने मरेल, पण कूलरपुढून उठणार नाही.

आणि मग त्याच्या स्वतःच्या लेकीचं, सपनाचं लग्न ठरलं. मुलगा अनसिंगचा, पवन नावाचा, शांत आणि शेतात राबणारा. बैठकीत मुलाच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, देण्याघेण्याचा विषयच काढला नाही. त्यांनी होणाऱ्या व्याह्याला एकच गोष्ट विचारली.

"कूलर किती राह्यतीन, इवाई? मले दमा हाय. गरमी सहन होत नाई."

"सात," गोविंदा म्हणाला.

चालणारे सहाच होते. सात नंबरची मोटर पाडव्याच्या आठवड्यातच जळली होती, ती सपनाने आणि त्याने मिळून बाहेर काढली होती, आणि त्या मापाची मोटर ऐन हंगामात वाशिमात मिळेना. पंखा वाकला होता, पंप गळत होता, म्हणून तेही काढून टाकले होते. पण शब्द सात गेला होता. गोविंदाने सात नंबरला चंदेरी रंग दिला, दोन्ही बाजूंनी मोर काढले आणि मांडवाच्या पार मागे, लिंबाच्या झाडाखाली, आकडा भरायला उभा करून ठेवला. मोजायला आलेल्याने मोजावं, एवढाच त्याचा उपयोग.

लग्नाच्या दिवशी पारा चव्वेचाळीसच्या वर गेला आणि त्यात गावाच्या पश्चिमेच्या टेकडीवर वणवा लागला. वाळलं गवत, वाळला पाला, कोणाची तरी विडी. गावातले जाणते लोक हिरव्या फांद्या घेऊन विझवायला धावले. धूर मात्र विझेपर्यंत थांबायला तयार नव्हता. तो जमिनीला धरून सरपटत आला आणि मांडवाच्या पश्चिमेच्या कनातीला येऊन टेकला. त्या कनातीबाहेर गोविंदाचे सहाच्या सहा कूलर टेकडीकडे पाठ करून उभे होते. त्यांनी तो धूर मागून ओढला, पाण्यातून गार करून घेतला आणि समोर बसलेल्या मानकऱ्यांच्या तोंडावर सोडला.

मांडवात आता मोठं विचित्र दृश्य होतं. मागे, जिथे कूलर नव्हता, तिथे ज्यांना कोणी विचारत नाही अशी मंडळी गरम पण स्वच्छ हवेत उपरण्याने वारा घेत आरामात बसली होती. आणि पुढच्या दोन रांगांत सगळे थोर पाहुणे खोकत होते, डोळ्यांतून पाणी गाळत होते, आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. कोणी खिशातला कांदा हुंगत होतं, कोणी ओला रुमाल नाकाला लावला होता. गोविंदाची बायको रूपा पाण्याची घागर घेऊन फिरत होती, ओआरएसची पाकिटं ग्लासात ओतून देत होती. पाहुणे ग्लास घ्यायचे, पण खुर्ची सोडायचे नाहीत.

मधोमध पंजाबराव होते. त्यांचा श्वास पेटीच्या भात्यासारखा वाजायला लागला होता.

उठा म्हणावं तर भर मांडवात व्याह्याला मानाच्या जागेवरून उठवल्यासारखं होतं. न उठवावं तर माणूस डोळ्यांसमोर गुदमरत होता. त्याने हळूच एक नंबरचा कूलर बंद करून पाहिला. अर्ध्या मिनिटात चार जण एकदम म्हणाले, "लाइन गेली काय?" आणि पंजाबरावांचे जावई ताडकन उभे राहून जीप कुठे आहे ते पाहू लागले. गोविंदाने घाईघाईने बटण दाबलं.

पंजाबरावांचा पुतण्या अनुप पुण्याला नोकरीला होता. त्याच्या गळ्यात अडकवलेला छोटा पंखा, तोंडाला मास्क, डोळ्यांवर मोठा गॉगल आणि हातात हवा मोजायची डबी. त्याने ती काकांच्या नाकाशी धरली.

"काका, दोनशे ऐंशी दाखवून राह्यली. उठा इथून."

"कितीपैकी?" पंजाबरावांनी धापा टाकत विचारलं.

"पाचशेपैकी."

"मंग पास हाय ना."

"काका, हा आकडा कमी पाह्यजे."

"कमी मार्क कोणाले पाह्यजे असते रे?" पंजाबराव म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की फेटा कानावर आला. अनुपने स्वतःचा मास्क काढून पुढे केला, तर त्यांनी तो परत केला. लग्नात तोंड झाकून बसायला ते काही चोर नव्हते.

गोविंदा मांडवाच्या मागे लिंबाखाली जाऊन उभा राहिला. त्याला रडू येत होतं. बावीस वर्षं लोकांच्या व्याह्यांना गार ठेवलं, आणि स्वतःचा व्याही स्वतःच्या कूलरने मरायला टेकला होता. इथे लिंबाखाली तर हवा चांगली होती. पूर्वेकडून हलकी झुळूक येत होती आणि धुराला कनातीपाशीच अडवत होती. सगळं होतं, फक्त मान नव्हता.

त्याची नजर चंदेरी मोरांवर गेली.

पुढची पाच मिनिटं गोविंदाने आयुष्यात कधी केली नव्हती अशी घाई केली. सात नंबरचा कूलर पुसला. त्याच्या जाळीतल्या गवतावर दोन बादल्या पाणी मारलं. समोर लाल सतरंजी, तिच्यावर पांढऱ्या कापडाच्या दहा खुर्च्या. कूलरला तोरण. मग तो माइकवाल्या धम्मपालच्या कानाशी लागला. धम्मपाल त्याचा शाळेपासूनचा दोस्त, दोघांनी शंभर लग्नं बरोबर काढलेली.

"त्यात मोटर नाई ना लेका," धम्मपाल म्हणाला.

"माइकवर नोको सांगू," गोविंदा म्हणाला.

धम्मपालने घसा साफ केला आणि सगळ्या मांडवाला ऐकवलं की लिंबाखाली खास कूलर फक्त व्याही पंजाबराव साहेब आणि त्यांच्या निवडक मंडळींसाठी लावला आहे, बाकीच्यांनी कृपया तिकडे फिरकू नये.

पंजाबराव उठले. त्यांच्यामागे जावई उठले, मामे उठले. त्यांनी सोडलेल्या खुर्च्यांवर तिसऱ्या रांगेतली मंडळी झेपावली. जन्मभर तिसऱ्या रांगेत बसलेली माणसं ती. ती आता धुरात बसली, डोळे पुसत, खोकत, धन्य होत.

लिंबाखाली पंजाबरावांनी सात नंबरपुढे बैठक मारली.

"आवाज नाई," जावई संशयाने म्हणाले.

"सायलेंट हाय," गोविंदा म्हणाला.

"वारा बी लागून नाई राह्यला."

"एकदम नाई लागत, दाजी. हळूहळू आंगात भिनते."

पंजाबरावांनी डोळे मिटले. पूर्वेची झुळूक ओल्या गवतावरून आली. छातीतला भाता आधी मंद झाला, मग थांबला. त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि तो बिनघोर सोडला. गोविंदाच्याही छातीतून तेव्हाच श्वास सुटला.

"याले म्हणते कूलर," पंजाबराव म्हणाले. "अनुप, आता किती?"

डबीवर पंच्याऐंशी आला होता. अनुपने गोविंदाकडे पाहिलं. गोविंदाने हात जोडले. पुण्याला राहिला तरी पोरगा अनसिंगचाच होता.

"चारशे दहा, काका."

"वा. फर्स्ट क्लास."

अडीच वाजता लग्न लागलं. तोवर टेकडीवरचा वणवाही विझला, आणि सगळं सुरळीत पार पडलं असं गोविंदाला वाटलं. ते पाठवणीपर्यंतच. आंदणात त्याने वाशिमहून नवा कोरा कूलर आणला होता, खोक्यातला. पंजाबरावांनी खोक्याला हातसुद्धा लावला नाही.

"हा नोको, इवाई. याचा आवाज लय राह्यते. आमाले तो मोरवाला द्या."

"भाऊ, तो... तो जुना हाय."

"राहू द्या जुना. मले त्याच्यापुढं दम लागला नाई."

चार माणसांनी सात नंबर उचलून पिकअपमध्ये ठेवला. भलताच हलका आहे, असंही एक जण म्हणाला. गोविंदाच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ उभी राहिली: अनसिंगच्या घरात बटण दाबतील, काही होणार नाही, आणि बापाने रिकामा डबा दिला हे लेकीला जन्मभर ऐकावं लागेल.

सपना गळ्यात पडली. सगळे म्हणाले, पोरगी बापाला किती घट्ट धरून आहे. ती त्याच्या कानात बोलत होती.

"बाबा, त्याच्यात काई नाई, मले मालूम हाय. मी सांभाळीन. तुमी घाबरू नोका."

"एक नंबरची मोटर काढून उद्याच घेऊन येतो, बेटा."

"उद्या नोको," सपना म्हणाली. तिचा आवाज तेव्हा कुठे फाटला. "एकदम सगळं नोको आणजा, बाबा. आधी पंखा आणजा. मंग पंधरा दिवसानं मोटर. मंग पंप."

लेकीच्या सासरी बापाने उगाच जायचं नसतं. कामाने गेलेलं चालतं.

पंधरा दिवसांनी गोविंदा मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंखा घेऊन एसटीत बसला, वाशिमला गाडी बदलून अनसिंगला उतरला. सात नंबर घराच्या पूर्वेच्या खिडकीत बसवला होता. ती खिडकी धुळीच्या भीतीने अकरा वर्षं खिळे मारून बंद होती, कूलरसाठी म्हणून उघडली. सपना दुपारी गवतावर तांब्याने पाणी मारायची. मोटरच नसल्यामुळे खिडकीतला वारा आरपार यायचा. पंजाबराव समोर खाटेवर लवंडले होते.

"बसा इवाई. लाइटचं बिल बी येत नाई याचं," ते म्हणाले. "हा पंखा कायले आणला? चांगला चालून राह्यला ना."

"सर्व्हिसिंग करा लागते," गोविंदा म्हणाला.

सपना चहा घेऊन आली आणि जवळच बसली. गोविंदाने चहा मुद्दाम सावकाश प्यायला. मग त्याने पंखा जागेवर धरला, पिशवीत हात घातला, इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं, आणि कपाळाला हात लावला. पंख्याचे चार नट घरीच राहिले होते. सकाळी निघताना त्यानेच ते पिशवीतून काढून फळीवर ठेवले होते.

"आता पुन्हा येणं आलं," तो म्हणाला.