गरोदर तात्या

आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तात्या सहा महिन्यांचे गरोदर होते.

प्रत्यक्षात तात्यांनी साठी ओलांडली होती. अंगाने आडवे, मिशा पिळदार, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडे चरणाऱ्या बैलाने मान वर करून बघावं. धंदा बैलांच्या दलालीचा. म्हसा गावच्या जत्रेत बैलाच्या पाठीवरून हात फिरवत तात्या उभे राहिले की चार गावची माणसं भोवती जमत. अशा माणसाच्या फोनवर दर आठवड्याला एका मुलीचा गोड आवाज यायचा, "नमस्कार ताई! तुमच्या बाळाला आता तुमचा आवाज ऐकू येऊ लागला आहे."

मी तेव्हा शहापूरला एका संस्थेत काम करत होते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांमधून आम्ही कुटुंबाच्या आरोग्याच्या कार्यशाळा घ्यायचो, आणि गरोदर बायकांना मोबाइलवर रेकॉर्ड केलेले संदेश पाठवायचो. तात्यांच्या सुनेचं, कविताचं, नाव नोंदवलं तेव्हा तिने घरातला नंबर दिला. तिचा नवरा योगेश आपला फोन घेऊन कल्याणकडे कंपनीत जायचा. दिवसभर घरात राहणारा फोन एकच, आणि तो सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात.

पहिला फोन आला तेव्हा तात्या मुरबाडला एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत होते. कानाने थोडं कमी ऐकू यायचं म्हणून फोन कायम स्पीकरवर. सगळ्या हॉटेलाने ऐकलं, "ताई, पहिले काही महिने सकाळी मळमळ होणं स्वाभाविक आहे." तात्यांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. "अगो थांब, सून घरी हाय. नंतर कर." ती बोलतच राहिली. "अगो, ऐकतेस का नाय?" तिने शांतपणे, थोडं थोडं आणि वारंवार खा, असं सांगून फोन ठेवला. हसून हसून लोकांच्या बशीतला चहा सांडला. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं 'गरोदर तात्या'.

दुसरा कोणी असता तर त्याने नंबर बदलला असता. तात्यांनी ते नाव पदवीसारखं मिरवलं. कोणी मुद्दाम विचारलं, "काय तात्या, कितवा लागला?" तर ते महिना सांगून वर म्हणायचे, "हाय बाबा मी गरोदर. तुज्यासारखा रिकामा तर नाय!"

ते ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, भांडायला आले. वहाणा बाहेर काढून, टोपी सारखी करून ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, ती तुमची पोरगी लय घाई करते."

"कोणती पोरगी?"

"फोनवाली. मी शेतावरून घरी येईस्तवर तिचं बोलून व्हतं. मग मला पाठ करून सुनेला सांगावं लागतं. अर्धं इसरतो. परवा ती काय बोलली, रक्तवाढीची गोळी चहाबरोबर घ्यायची का नाय घ्यायची?"

"नाही घ्यायची, तात्या. लिंबू-पाण्याबरोबर घ्यायची."

"बघा! मी उलटं सांगितलं."

मी त्यांना म्हटलं, कविताला स्वतःचा फोन मिळाला की आपण नंबर बदलू. ते एकदम सावध झाले. "बदलू नका. टाइम बदला. संध्याकाळचा करा." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "तुमी सगळं बाईलाच सांगता. तिला गोळी खायाची ठावं हाय हो. आणून कोन देनार? दवाखान्यात न्यायला गाडी कोन सांगनार? ते ज्याच्या हातात, त्याला सांगा ना."

संध्याकाळचा टाइम झाला आणि तात्यांच्या ओट्यावर एक नवीनच रीत सुरू झाली. फोन वाजायची वेळ झाली की तात्या ओट्यावर बसत, कविताला शेजारी बसवत. संदेश सुरू झाला की कोणी हूं की चूं करायचं नाही. स्पीकरचा आवाज सगळ्या आळीत जायचा, त्यामुळे आळीतल्या इतर सुनाही भांडी घासता घासता ऐकत. दोन घरं सोडून राहणाऱ्या एका सुनेने मला सांगितलं, "आमच्या सासूबाई मला दुपारी पडू देत नवत्या. फोनवाली बोलली, विश्रांती घ्या, तेव्हा तात्या वट्यावरनं वरडले, 'ऐकलंस का गो वहिनी?' तवापासून देतात."

कार्यशाळेलाही ते येऊ लागले. आम्ही त्या गावात बौद्धवाड्यातल्या विहारात बसायचो. तिथे जागा मोठी होती आणि पंखा होता. तात्या राहायचे त्या वरच्या आळीतल्या बायका सुरुवातीला यायच्या नाहीत. कोणी उघड काही बोलत नसे, फक्त कामं निघायची. मी शहापूरच्या बौद्धवाड्यातच वाढलेली. कामं कशी निघतात हे मला ठाऊक होतं. एका दुपारी तात्या कविताला घेऊन विहाराच्या दारात आले. आत आले, बुद्धाच्या मूर्तीला हात जोडले, भिंतीला टेकून बसले आणि माठाजवळच्या मुलीला म्हणाले, "पोरी, पानी दे गो." तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. पुढच्या खेपेला वरच्या आळीच्या बायकांची सगळी कामं आटोपलेली होती.

बायकांमध्ये एकटा पुरुष बसलाय याचं त्यांना काही वाटायचं नाही. बायकाच आधी लाजायच्या, पदर तोंडावर घ्यायच्या. पण तात्यांचे प्रश्न असे असत की त्या हसायच्या आणि मग त्याही विचारायच्या. ताटात काय काय असावं हे मी चित्रावर दाखवत होते, तेव्हा तात्या उठून उभे राहिले. "मी बोलू का जरा?" म्हणाले, "घरात म्हस गाभण असली का आपण तिला पेंड घालतो, भरडा घालतो, वर तिच्या अंगावरनं हात फिरवतो. आन् सून गरोदर असली का तिला सगळ्यांच्या मागनं टोपातली खरवड! म्हशीचं दूध तरी विकतं. इथं तर आपल्या घरातलं मानूस यायाचंय!" माझी चित्रं त्यानंतर कोणी पाहिली नाहीत. पण घरोघरी सुना सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागल्या, हे मी पुढच्या महिन्यात स्वतः पाहिलं.

फक्त एकदाच मी त्यांना गप्प झालेलं पाहिलं. त्या दिवशी धोक्याच्या लक्षणांवर बोलणं चाललं होतं. डोकं सारखं दुखणं, तोंडावर आणि हातांवर सूज, डोळ्यांपुढे अंधारी. असं झालं तर रक्तदाब वाढलेला असू शकतो, एक दिवसही थांबू नका, असं मी सांगितलं. तात्या उठले आणि बाहेर गेले. कार्यशाळा संपल्यावर मी पाहिलं तर ते बाहेर आंब्याखाली बसले होते.

"योगेशची आई," ते म्हणाले, "दुसऱ्या खेपेला असंच झालं तिला. डोकं बांधून कामं करायची. बोलायची, दिसत नाय नीट. आमी समजलो, उष्णता झाली. कोनीतरी बोललं, बाहेरचं हाय. अंगारा लावला." मग बराच वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. "ती बी गेली, पोर बी गेलं. योगेश इतकासा व्हता. तवा कोनी असा फोन केला असता ना, मॅडम..."

कविता बाहेर आली. तिला बघताच ते उठले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चल गो. अंडी उकडायचीत."

त्या साली म्हसाच्या जत्रेत तात्यांनी स्वतःची एक खिलारी जोडी विकायला काढली होती. जुन्नरकडचा एक गिऱ्हाईक आला होता. बैलबाजारात भाव बोलून सांगत नाहीत. टॉवेलखाली हातात हात घेतात आणि बोटांवर बोलतात. असा दोघांचा हात टॉवेलखाली होता आणि तात्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. सकाळी निघताना त्यांनी कविताला हाक मारली होती. ती आली ती डोक्याला फडकं बांधून. "काय झालं गो?" "काय नाय बाबा, थंडीनं दुखतंय." तेवढ्यावर ते निघाले होते. पण तिच्या बांगड्या मनगटात रुतलेल्या होत्या, हे त्यांना बाजारात, त्या टॉवेलखाली आठवलं. बांगड्या एरवी कोपरापर्यंत मागे सरायच्या.

त्यांनी हात काढून घेतला. सौदा अर्धा ठेवून हात काढणं हा त्या बाजारात अपमान. गिऱ्हाईक तापला. "अहो, निघालात कुठं? बैल कोनाच्या भरवशावर?"

"तुज्या," तात्या म्हणाले आणि पळत सुटले.

बैल घेऊन आलेला एक टेम्पो रिकामा उभा होता. ड्रायव्हरला उठवून ते गावात गेले. शेजारच्या म्हाताऱ्या कविताच्या कपाळाला सुंठ उगाळून लावत होत्या. "पडू दे तिला, बरं वाटंल," म्हणाल्या. तात्यांनी कविताला विचारलं, "दिसतं का गो नीट?" ती म्हणाली, "मगापासून जरा धुरकट दिसतंय, बाबा." तात्यांनी पुढचं ऐकलंच नाही. कविताला ड्रायव्हरशेजारी बसवलं, एका शेजारणीला तिला धरायला घेतलं आणि स्वतः मागे पेंढ्यात बसले. वाटेत मला फोन. "मॅडम, ते तुमचं तिन्ही झालंय! डोकं, सूज, अंधारी, तिन्ही! मुरबाडला निघालोय!" मी मुरबाडच्या दवाखान्यात कळवलं. तिथे इंजेक्शन देऊन, अॅम्ब्युलन्समध्ये घालून तिला पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पोहोचले तेव्हा तात्या बाकावर बसले होते. अंगभर पेंढा. शेजारी योगेश, कंपनीच्या कपड्यांतच. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती. दिवसांआधी आलेली, अगदी लहान, पण रडत होती. कविताही वाचली होती.

तात्यांनी एवढंच विचारलं, "दोघी?"

"दोघी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग ते रडले. त्यांचा आवाज तर तुम्हाला सांगितलाच आहे. नर्स धावत आली, काय झालं म्हणून.

कविताला सावरायला बरेच दिवस लागले. बाळ लहान असल्यामुळे त्याला कोणीतरी उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची होती. योगेशची रजा संपली होती. नर्सने विचारलं, "घरातलं कोण बसेल?" तात्यांनी तिथल्या तिथे बंडीची बटणं काढायला घेतली. मी भेटायला गेले तर वॉर्डातल्या सगळ्या बायका एकाच खुर्चीकडे बघत होत्या. तात्या मागे टेकून बसलेले, अंगावर चादर, आणि त्यांच्या पांढऱ्या केसाळ छातीवर चादरीतून डोकावणारं एक लाल टोपडं. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुजबुजताना ऐकलं. "झोपली सायबीण."

गावी परत आले तर गोठ्यात बैलांची जोडी बांधलेली! तो जुन्नरचा गिऱ्हाईक घर शोधत येऊन बांधून गेला होता, वर शेजाऱ्यांकडे निरोप ठेवून गेला होता : नात बघायला येईन. आला, आणि बारशाचं जेवूनच गेला. बैल मात्र तात्यांनी मग विकलेच नाहीत.

पुढे आमचा प्रकल्प संपला. ऑफिसातली कपाटं रिकामी करत होतो तेव्हा तात्या नातीला कडेवर घेऊन आले. "म्हंजी आता फोन येनार नाय?"

"नाही तात्या. प्रकल्प संपला."

"प्रकल्प संपला. बाया थोड्याच संपल्या?" ते विचारात पडले. मग म्हणाले, "माजा आवाज पाठवता येतो का, त्या पोरीसारखा?"

मी त्यांना व्हॉट्सअॅपवर आवाज कसा पाठवायचा ते दाखवलं. गावाचा ग्रुप करून दिला. त्यांचा पहिला संदेश ऐकून आमच्या ऑफिसच्या खिडकीतली कबुतरं उडाली. "इतकं ओरडू नका, फोनच्या आत बसून बोलताय असं समजा, तात्या," मी म्हटलं. दुपारपर्यंत जमलं. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जय भीम, पोरी," म्हणाले. मी म्हटलं, "राम राम, तात्या." आणि दोघंही हसलो.

आता मी नाशिकला असते. तात्यांनी मला ग्रुपमधून काढलेलं नाही, त्यामुळे त्यांचे संदेश मलाही येतात. त्यांत भाताची लावणी असते, पाऊसपाणी असतं, मधेच "वरच्या आळीतली निर्मला, बाळाची लस राहिली हाय, उद्या मी येतो दारात," अशी धमकी असते. सगळं एका दमात आणि ठणठणीत.

गेल्या उन्हाळ्यात मला दिवस गेले. नवऱ्याशिवाय मी फक्त आईला सांगितलं होतं. आईला शहापूरच्या बाजारात तात्या भेटले, आणि आईच्या पोटात काही राहत नाही. त्या संध्याकाळी मी वाट बघत बसले, आता माझा फोन वाजेल म्हणून. वाजला माझ्या नवऱ्याचा. शाळेत गणित शिकवणारा माझा नवरा तात्यांना कधी भेटलेला नव्हता. त्याचा नंबरही त्यांनी आईकडूनच काढला असणार.

"हो," तो म्हणाला. "हो, मीच बोलतोय... नमस्कार." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. ऐकता ऐकता खुर्चीतून उठून उभा राहिला. "आणली आहे... हो... नाही, चहाबरोबर नाही." मग फोनवर हात ठेवून, घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "अगं, ते म्हणतायत आत्ता माझ्यासमोर घे. गोळ्या कुठे ठेवल्यास?"