तिसऱ्या नळीतला खडा

बुधवार, सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं. प्रयोगशाळेतल्या मावशी प्लेट दिव्यासमोर धरून उभ्या आहेत. एकोणीस वर्षांच्या नोकरीत आज पहिल्यांदाच त्यांना वाटतंय, आपला हात चुकलेला असू दे.

मावशी तंत्रज्ञ आहेत, वय अठ्ठेचाळीस. काम टायफॉइडचे जंतू वाढवण्याचं. रुग्ण बरा झाल्यावरही हे जंतू पित्ताशयातल्या खड्यांवर वर्षानुवर्षं कसे टिकतात, ते इथे शोधलं जातं. पित्तात एरवी जंतूंचा निभाव लागत नाही. टायफॉइडचा जंतू मात्र तिथे पोचला की आरएनएचे लहान लहान तुकडे तयार करतो. त्या तुकड्यांपासून पुढे काही बनत नाही. ते पेशीतल्या इतर संदेशांना चिकटतात आणि कुठला संदेश वाचला जाईल, कुठला गप्प बसेल, हे ठरवतात. पोहणं थांबतं, खड्याला धरून बसणं सुरू होतं. माणूस हिंडतो-फिरतो. त्याला काही दुखतही नाही. जंतू मात्र त्याच्या शौचातून बाहेर पडत राहतात.

प्रयोगाला खरे खडे हवे होते. पाच आठवड्यांपूर्वी मावशींचं पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांनी सर्जनकडून स्वतःचेच खडे मागून आणले.

"मावशी, येताना आमच्यासाठी काहीतरी आणा म्हटलं होतं, पण तुम्ही फारच मनावर घेतलंत!" संशोधन करणारी मुलगी म्हणाली होती. सगळे हसले होते.

उकळले तर खड्यांचा भुगा झाला असता, म्हणून ते फक्त वरून स्पिरिटने धुतले. नळ्या तीन. पहिल्या खड्यावर नेहमीचे जंतू, दुसऱ्यावर एक लहान आरएनए काढून टाकलेले. तिसऱ्या नळीत नुसता खडा, तुलनेसाठी. सोमवारी खडे फोडून प्लेटवर पसरले. मंगळवारी पहिल्या प्लेटवर दाटी होती, दुसरीवर तुरळक ठिपके. तिसरीवर काही उगवायलाच नको होतं. तिथे बावीस ठिपके होते. काळे, कडेला धातूसारखी चमक, टायफॉइडचे जंतू या प्लेटवर दिसतात तसेच.

"तिसऱ्यात काय घातलं होतंत?" विभागप्रमुख मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग हात चुकला असेल."

"असेल," मावशी म्हणाल्या. जरा घाईनेच.

तपासणं सोपं होतं. प्रयोगशाळेतल्या जंतूंना ओळख म्हणून असं बनवलंय, की एका ठरावीक औषधाला ते दाद देत नाहीत. बावीस ठिपके त्या औषधाच्या प्लेटवर टोचले. उगवले तर इथलेच, चुकून सांडलेले; नाही तर खड्यातूनच आलेले.

आता त्या प्लेटच्या कडेला इथल्या जंतूंची जाड रेघ उगवली आहे. टोचलेल्या बावीस जागा कोऱ्या आहेत.

मावशींना टायफॉइड झाला होता, कॉलेजात असताना. त्यानंतर एकदाही नाही. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीला मात्र दोन वर्षांत तिसऱ्यांदा झालाय. रविवारपासून ती इस्पितळात सलाइनवर आहे. दर वेळी मावशींनी तिला रस्त्यावरच्या सरबतावरून फैलावर घेतलं आणि दर वेळी बरी झाल्यावर डब्यात स्वतःच्या हातांनी काकडी चिरून दिली. प्रयोगशाळेतून निघताना त्या कोपरापर्यंत हात धुतात, इथलं काही घरी जाऊ नये म्हणून.

"पण पित्ताशय निघालंय ना आता?" मागून प्लेट बघत मॅडम म्हणाल्या.

"पाच आठवडे झाले. ताप रविवारी आलाय. लागण झाल्यावर ताप यायला सहसा तीन आठवड्यांच्या वर लागत नाहीत."

मावशींनी प्लेट झाकली, हातमोजे काढले आणि इस्पितळात मुलीजवळ बसलेल्या नवऱ्याला फोन लावला.

"अहो, आजपासून तिचा डबा तुम्ही करा."

"मी? मला अंडं उकडण्यापलीकडे काय येतं?"

"मग अंडं उकडा. मी स्वयंपाकघरात जाणार नाही. फोन तिला द्या जरा."

मुलीचा आवाज बारीक झाला होता. आईने काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "आई, मी खरंच बाहेरचं काही खाल्लं नव्हतं गं."

"माहितेय मला," मावशी म्हणाल्या. "चूक तुझी नव्हती."

मग त्यांनी कपाटातून तीन डब्या काढल्या आणि तिन्हींवर स्वतःचं नाव लिहिलं. शौचाचे तीन नमुने, तीन दिवस. तपासणार दुसरं कुणीतरी. शस्त्रक्रियेनंतरही जंतू आत उरलेत का, ते त्यातून कळेल. पहिला नमुना उद्याचा. तळमजल्यावरच्या खिडकीवर नमुने साडेसात ते नऊपर्यंतच घेतात आणि आज नऊ वाजून गेलेत.